सात सायकलींचं तेलपाणी

चहा हातात असेल तर खाली ठेवा, नाहीतर सांडाल आणि नाव माझं घ्याल. ही फजिती मी मुद्दाम स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि मीठ आमच्याकडच्या हवेतच इतकं आहे की वरून लावायला नको.

वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत. बाकीचं माझं मी शिकले. वर्तमानपत्र वाचायला, शिवणयंत्र खोलून परत जोडायला, पंप बिघडला तर त्याला वठणीवर आणायला. सायकल शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी, हरिहरेश्वराजवळच्या आमच्या वाडीत, पोफळींच्या मधल्या वाटेवर. शिकवायला कोण असणार? पोफळींवर आपटून शिकले. दोन पोफळी अजून तिरक्या आहेत.

लहानपणी का नाही शिकले? दादामुळे. माझं माहेर तळा गावचं. दादाकडे सायकल होती, मी एकदाच मागितली. तो म्हणाला, "यमू, तुला कशाला सायकल? तू जाणार कुठे?" त्या दिवसापासून मी त्याच्या पाया पडले नाही. राखी बांधते, भाऊबीजेला ओवाळते, डबाभर लाडू नेते, पण वाकत नाही. माझ्या लग्नात भटजी म्हणाले, थोरल्या भावाला नमस्कार करा, तेव्हाही मी पदर सारखा करत उभी राहिले.

तर माझी नात शर्वरी अलिबागला नोकरी करते. ती आणि तिचे मित्रमैत्रिणी, सगळे मिळून सातजण, आमच्या घरून निघून तळ्यावरून अलिबागपर्यंत सायकलने जाणार असं ठरलं. डोंगरातला रस्ता, चढ-उतार नुसते. मी 'तळा' हा शब्द ऐकला मात्र, सांगून टाकलं की तिथपर्यंत मीही येणार. आणि पोरीने हो-नाही म्हणायच्या आत दादाला फोन लावला. दादा आता ऐंशीचा, पण खोड तीच. म्हणाला, "तू सायकलवरून दारात आलीस तर मी तुला ओवाळीन."

घ्या! आता माघार कशी घ्यायची?

पण त्यांचा म्होरक्या होता मंदार. पोरगा गुणी, पण हातात सतत यादी. आदल्या दिवशी सगळे आमच्याकडे उतरले, तेव्हा त्याने मला गोड आवाजात सांगितलं की संध्याकाळी खाडीपर्यंत एक फेरी मारू आणि मग ठरवू. म्हणजे माझी परीक्षा! वर विचारतो, "आजी, तुमच्या सायकलचे ब्रेक कसे आहेत?"

मी म्हटलं, "बाळा, ब्रेक नावाला असतात. चौदा वर्षांत मला एकदाही लागलेले नाहीत. टाच घासायची, सायकल थांबते."

त्याने यादीत काहीतरी लिहिलं. लिहिताना त्याचं तोंड मला आवडलं नाही.

दुपारी मोदक आणि सोलकढी खाऊन सातही जण ओटीवर आडवे झाले. मी अंगणात जाऊन त्यांच्या सायकली बघितल्या. चाकाच्या मधोमध ही एवढी लोखंडी चकती, आरशासारखी घासलेली, आणि उघडी! आमच्या खाऱ्या वाऱ्यात? आमच्याकडे कोयता असो, विळी असो, नाहीतर दाराची कडी असो, घरातलं लोखंड तेल प्यायल्याशिवाय राहत नाही. शहरातली पोरं, त्यांना कोण सांगणार? म्हटलं, आपणच करू. म्हातारी कामाची आहे, हेही कळेल.

घरच्या घाण्याचं खोबरेल काढलं. मुंग्या लागू नयेत म्हणून मी त्यात कापूर घालते. काथ्याचा बोळा बुडवला आणि सातही सायकलींना न्हाऊमाखू घातलं. चकत्यांना तर दोन-दोन हात दिले. माझ्या सायकलच्या चाकांना दर शनिवारी देते, तसेच.

चारला निघालो. घरापासून खाडीपर्यंत सगळा उतार. मी सगळ्यांच्या पुढे, रुबाबात. अर्ध्या उतारावर मंदार माझ्या बाजूने बाणासारखा गेला. मागोमाग शर्वरी, मग बाकीचे. सगळे ओरडत होते. मला वाटलं, म्हातारीला मागे टाकल्याचा आनंद! माझं टाळकं सटकलं. परीक्षा घेता काय? मीही पायडल मारलं. शर्वरीला गाठलं तर ती म्हणते, "आजी, थांबत नाहीये!"

मी म्हटलं, "मग मी तरी कशाला थांबू?"

आणि सगळ्यांना मागे टाकून पुढे गेले.

खाडीच्या बांधाशी मी टाच घासली आणि थांबले. वळून बघते तर एकेक जण माझ्या शेजारून खाजणात उतरतोय. सायकलीसकट, गुडघाभर चिखलात. सात बगळे उभे राहावेत तसे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मंदारची यादी चिखलात गेली.

सातांचेही ब्रेक एकदम गेले कसे? मंदारने अलिबागच्या मेकॅनिकला फोन लावला. सकाळीच त्याने सगळ्या सायकली तपासून दिल्या होत्या. मंदार बिचारा फारच सभ्य बोलत होता, म्हणून मी फोन हिसकावला. लोकांच्या जिवाशी खेळतोस, हात आहेत की उलथणी, घरी आईबाप आहेत की नाहीत, सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजी, त्या चकतीवरून जरा बोट फिरवा आणि वास घ्या."

मी वास घेतला.

कापूर.

खोटं बोलता आलं असतं. सातजण चिखलात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि खरं सांगितलं तर तळा गेलं, दादाचं ओवाळणं गेलं. पण दुसऱ्याच्या माथी आपलं पाप मारायला मी कधी शिकले नाही. म्हटलं, "त्याची चूक नाही. तेल मी लावलं." मेकॅनिकचीही माफी मागितली, फोनवर, सगळ्यांसमोर. त्यानेच मग समजावलं की ब्रेक त्या चकतीलाच धरतो आणि तिला तेलाचा थेंबही चालत नाही. माझ्या सायकलचा ब्रेक चाकाच्या कडेला धरतो, आणि त्या कडांना मी चौदा वर्षं तेल पाजत होते.

मंदारने चिखलातली यादी उचलून झटकली. मग म्हणाला, "आजी, आज आठ जणांत थांबता फक्त तुम्हाला आलं. चला तुम्ही. पण घाटाचे उतार सायकल हातात धरून चालत उतरायचे, आणि तेलाची बाटली घरी ठेवायची."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक स्वतः आला, ब्रेक बदलले, माझी चाकं साबणाने घासली. मला म्हणाला, आता टाच घासू नका. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

तिसऱ्या दिवशी तळ्यात शिरलो. चढांनी कंबर मोडली होती, आणि टाच घासून घासून चपलेचा तळ गावाच्या वेशीवर गळून पडला. समोर माहेरचं घर. दारात दादा, हातात खरोखरच निरांजनाचं तबक, मागे अर्धी आळी. दादाचे डोळे भरून आलेले. मी ताठ बसले. म्हटलं, आता अनवाणी पाय घासत थांबणं शोभत नाही. साठ वर्षांचा हिशेब आहे, जरा ऐटीत थांबू.

आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळा जोर लावून, ब्रेक दाबला.

सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले. हँडलवरून जी उडाले ती अंगणातल्या पेंढ्यावर, तिथून घसरत थेट दादाच्या पायांवर, दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे.

दादाने तबक सांभाळलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "अगं यमू, असू दे, असू दे. एवढं वाकायची काय गरज होती?"