वहिनीची जागा

आमचा दादा बॅप्टिस्ट चर्चचा पाळक. माणूस नखशिखांत पाण्यात बुडाल्याशिवाय त्याचा बाप्तिस्मा झालाच नाही, असं त्याचं ठाम मत. चर्चमध्ये तो जिथे उभा राहून उपदेश करायचा, तिथल्या फळ्या उचलल्या की खाली सिमेंटचा हौद. तो भरायचं काम माझं, धाकट्या बहिणीचं. थंडीत वरून गरम पाणी ओतायचं, नाहीतर नवा विश्वासी हुडहुडी भरून परत जायचा. तान्ह्या लेकरांच्या कपाळावर पाणी शिंपडणाऱ्या दुसऱ्या चर्चला दादा 'शिंतोडेवाले' म्हणायचा. आणि लग्न केलं ते शिंतोडेवाल्यांच्याच मुलीशी!

वहिनीने उभा जन्म संसार केला, पण हौदात काही उतरली नाही. म्हणायची, "आईने मला कडेवर नेऊन पाणी लावून आणलं. ती काय खोटं वागली?" तासभर उपदेश करणारा दादा या प्रश्नापुढे चष्मा पुसत बसायचा. आमच्या मंडळीत भिंतीच्या रंगापासून सगळं हात वर करून ठरतं, आणि न बुडालेल्याला हात वर करता येत नाही. म्हणून पाळकाची बायको मीटिंगला फक्त चहा करायची.

अशाच एका मीटिंगमध्ये आम्ही शहाण्यांनी माती खाल्ली. चर्चला गळकं छप्पर घालून देणारा एक कंत्राटदार आमच्या दफनभूमीत फाटकाजवळची जागा मागत होता. बाप्तिस्मा नको, उपदेश नको, नुसती जागा हवी. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ठराव मांडला: जो बुडाला नाही, त्याला इथे पुरायचं नाही. भराभर हात वर. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि सगळ्यांना चहा दिला. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. पुढे कंत्राटदार वारला, नगरपालिकेच्या दफनभूमीत गेला. "योग्य जागी गेला," दादा म्हणाला.

मग दादाचं हृदय थकलं. डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी उशी सारखी करता करता वहिनीने विचारलं, "तुम्ही फाटकाजवळच्या तुमच्या राखीव जागेत. आणि मला कुठे ठेवणार?"

आपल्या ठरावाने कुणाला बाहेर ठेवलं, ते दादाला तेव्हा कळलं. मला तर संतापच आला.

"ठराव फिरव," मी म्हटलं. "एका रविवारचं काम आहे."

"लोकांना एक नियम आणि माझ्या बायकोला दुसरा? वर गेल्यावर कंत्राटदाराला काय तोंड दाखवू?"

"मग वहिनीला सांग, उतर हौदात."

"आयुष्यभर नाही सांगितलं. आता मरणाची भीती घालून सांगू?"

"मग मर तसाच," म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. असला भाऊ वैऱ्यालाही मिळू नये.

दोन दिवसांनी त्याने मंडळीच्या कारभाऱ्यांना बोलावलं. ठराव फिरणार म्हणून बिचारे हात वर करायच्या तयारीनेच आले होते. दादा म्हणाला, "मला नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरा. तिथे कुणी काही विचारत नाही."

"पण पास्टरसाहेब, फाटकाजवळची जागा तुमच्यासाठी राखून ठेवलीय," सगळ्यात थोरले कारभारी म्हणाले.

"तिथे तुम्ही झोपा," दादा म्हणाला. वहिनी औषध मोजत होती. तिच्या चमच्यातलं औषध सांडलं. मी तिला पहिल्यांदाच काही सांडताना पाहिलं.

शनिवारी तो गेला, रविवारचा उपदेश अर्धा ठेवून. नगरपालिकेच्या दफनभूमीत शेजारी शेजारी दोन जागा एकाच ठिकाणी शिल्लक होत्या, कंत्राटदाराच्या थडग्याला लागून. कारभाऱ्यांचे चेहरे पडले. मला मात्र भावाच्या मातीला हसू आवरेना. वहिनीने चिमटा काढला, पण तीही पदराआड हसत होती, आणि रडतही होती.

आता दर रविवारी ती बादलीभर पाणी घेऊन तिथे जाते. मी म्हणते, ओत की सगळं एकदम, दादाला तसंच आवडायचं. ती ऐकते होय? बोटांनी थोडं थोडं शिंपडते आणि दगड पुसते. मग शेजारच्या रिकाम्या जागेवरचं गवत उपटून तिथेच बसते. ती जागा तिची आहे. तिथे तिला कुणी विचारणार नाही, पाणी कुठपर्यंत आलं होतं.