चौथं ठिगळ

सातारच्या ट्रेनिंग कॉलेजातले मास्तर आमच्या शाळेत पोरांची अक्कल मोजायला येणार, असं आमच्या गुरुजींनी सांगितलं. पास होतील त्यांची सांगलीला फुकट शिकायची सोय होणार होती. मी नापास झाले असते तर माझं लग्न ठरल्यातच जमा होतं.

परीक्षेत अक्षर नाही, आकडा नाही. तीन आकृत्या बघून चौथी ओळखायची. गुरुजी फळ्यावर काढून दमले, पण मला ओ की ठो कळेना. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळं कागदही मिळत नव्हता. मग त्यांना आईच्या वाकळेची, जुन्या कापडांची ठिगळं जोडून शिवलेल्या गोधडीची, आठवण झाली. आईच्या हातच्या वाकळांचं कुंडल गावापर्यंत नाव होतं. मी घरातली वाकळ डोक्यावर घेऊन मिरवत शाळेत नेली.

गुरुजींनी ती भिंतीला टांगली. एका ओळीत ठिगळांवर त्रिकोण होते. पहिल्याचं टोक वर, दुसऱ्याचं उजवीकडं, तिसऱ्याचं खाली. चौथं त्यांनी हातानं झाकलं. "आता टोक कुठं?"

मला लख्ख दिसलं. "डावीकडं!" मी ओरडले. गुरुजींनी हात काढला, टोक डावीकडंच होतं. तेवढ्यात ते जांभळं ठिगळ बघून पाटलांची मुलगी म्हणाली, "गुर्जी, ह्ये तर माज्या आयचं लुगडं हाय! फाटलं म्हनून ह्यास्नी दिलं हुतं."

सगळा वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी आईवर भडकले, "लोकांच्या चिंध्या कशाला लावतीस?"

"रडू नगं," आई एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी बघते तर ते जांभळं ठिगळ उसवलेलं, आणि तिथं हिरवा कोरा चौकोन. त्याला टोकच नव्हतं. "आता समदं आपलंच हाय," ती म्हणाली.

परीक्षेत नेमकी तशीच आकृती आली. मी डोळ्यांपुढं वाकळ आणली, तर चौथ्या जागी हिरवा चौकोन. पुन्हा पुन्हा आठवलं, तरी तेच. शेवटी मनातल्या मनात पाटलीणबाईंचं ठिगळ परत लावलं, तेव्हा टोक डावीकडं वळलं. ज्याची एवढी लाज वाटली, त्यानंच मला पास केलं.

सांगलीला निघायच्या दिवशी आई वाकळेची वळकटी घेऊन मोटारीपर्यंत आली. तिच्याकडं एकच धड लुगडं होतं, हिरवं, तेच ती नेसली होती. पदराचा शेव तिनं मुठीत घट्ट धरला होता. मोटार हलली तसा तिनं हात हलवला. मूठ सुटली, पदर उलगडला. त्याचा एक कोपरा चौकोनी कापलेला होता.

मी मान खाली घातली. हात हलवायचं राहूनच गेलं.