खिडकीपासून पंधरा फूट

इमारतीत तिला सगळे कडकबाई म्हणत. तिच्या हातची इस्त्री कडक, म्हणून. एरवी बाईच्या बोलण्यात कडकपणा औषधालाही नव्हता. शर्ट उद्या हवा म्हटलं तरी हो, संध्याकाळी हवा म्हटलं तरी हो, आत्ता अंगावर घालून निघायचंय म्हटलं तरी हो. नवरा मालट्रकवर होता. चार दिवसांनी एकदा घरी यायचा, पोटभर झोपायचा आणि पुन्हा गाडीवर जायचा. "तुला नाही म्हणता येत नाही," तो हसायचा, "म्हणून तर माझं लग्न झालं!"

तिची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. पुढे इस्त्रीचं टेबल आणि कपड्यांची गाठोडी, पडद्यामागे संसार. इमारतीच्या मूळ नकाशात तिथे 'सामानाची खोली' असं लिहिलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी इमारतीच्या सेक्रेटरींनी ती इस्त्रीच्या कामासाठी दिली. पुढच्याच वर्षी मुलगी झाली आणि त्या सामानात एक माणूस वाढलं. कुणी काही विचारलं नाही, हिने काही सांगितलं नाही.

कोट, पँट आणि एकदाच घातलेले शर्ट तिच्याकडे न धुता येत. असा कपडा गार असतो तोवर साळसूद असतो. पाण्याचा शिडकावा करून वर इस्त्री टेकवली की चार दिवसांपूर्वीचा धूरही वाफेबरोबर वर येतो. त्यामुळे इमारतीत सिगरेट कोण ओढतं, कोण सोडल्याचं सांगतं आणि कोण बायकोला फसवतं, हे तिला बायकांच्या आधी कळे. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रोफेसरांनी सिगरेट सोडल्याचं त्यांची बायको सगळ्यांना कौतुकाने सांगत होती. त्याच आठवड्यात त्यांच्या कोटाच्या बाहीने खरं काय ते सांगून टाकलं. कडकबाईने ते पोटातच ठेवलं. गिऱ्हाइकाचा कपडा आणि गिऱ्हाइकाची लफडी घडी करून ठेवायची असतात, असं तिचं मत होतं.

घरात ओढायची बंदी असलेले हे सगळे पुरुष खाली येऊन ओढत. जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी, म्हणजे नेमके हिच्या दारात.

मुलगी सात वर्षांची असताना तिला पहिल्यांदा दम लागला. सेक्रेटरी स्वतः सिगरेट ओढणारे, पण माणूस मायाळू. त्यांनी गवंडी बोलावून मागची भिंत फोडली आणि खिडकी करून दिली. "पोरीला हवा नको का?" एवढंच म्हणाले. नकाशात नसलेल्या खोलीतल्या घराला अशी नकाशात नसलेली खिडकी मिळाली. पण खिडकीतून हवा आली तरी दाराखालून धूर यायचा राहिला नाही. नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी मुलीचे ओठ निळे पडले. तेव्हाही सेक्रेटरींनीच तिला उचललं, स्वतःच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हिला धुरात ठेवू नका. पुन्हा असं झालं तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कडकबाई मात्र ते रोज मनात पुरं करी.

आठवड्याभरात मुलगी मावशीकडे गेली. बसने तीन तासांवर. थोडे दिवस, असं ठरलं होतं. थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.

महिन्यातून एकदा ती मुलीला भेटायला जाई. पहिल्या भेटीत तिने मुलीला पोटाशी धरलं आणि मुलगी खोकायला लागली. आईच्याच कपड्यांत इमारतीतला धूर होता. तेव्हापासून कपड्यांचा एक जोड मावशीकडेच ठेवलेला असे. बसमधून उतरायचं, मावशीच्या न्हाणीत केसांवरून अंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मग पोरीला जवळ घ्यायचं. तोवर मुलगी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून विचारी, "आई, झालं?" आतून ही म्हणे, "झालंच." त्या दारामागची पाच मिनिटं महिन्यापेक्षा मोठी वाटत.

सगळ्या इमारतीची मापं तिच्या बोटांना पाठ. कुणाचं पोट सुटलं, कुणी झडलं, कुणाचा पोरगा बापाच्या उंचीला आला, हे घडी घालताना तिला कळे. आणि पोटच्या पोरीसाठी फ्रॉक घ्यायचा तर बहिणीला फोन करून विचारावं लागे. तरीही एकदा आखूड झाला. "अगं, पोरी वाढतात," बहीण म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

मग नगरपालिकेचा नियम आला. इमारतीचा जिना, लिफ्ट, वाटा, कुठेही धूम्रपान करायचं नाही. करायचं तर दारापासून आणि राहत्या खोलीच्या खिडकीपासून पंधरा फूट लांब. सेक्रेटरींनी पाटी लावली, तेव्हा कडकबाईने ती तीनदा वाचली आणि इस्त्री तापत ठेवूनच फोन लावला.

"आता येशील तू. शाळा सुरू व्हायच्या आत."

"खरंच?" मुलगी म्हणाली. "मी पुस्तकं भरू का?"

"भर."

सेक्रेटरी नियमाला पक्के. टेप घेऊन त्यांनी मुख्य दारापासून पंधरा फूट मोजले, इमारतीच्या मागच्या अंगाला खडूने रेघ मारली, तिथे बाक टाकला आणि रेतीने भरलेला डबा ठेवला. नकाशाप्रमाणे मागच्या भिंतीला खिडकी नव्हतीच. बाक आला तो बरोबर कडकबाईच्या खिडकीखाली. जी खिडकी त्यांनीच फोडून दिली होती, ती नकाशा हातात आल्यावर त्यांच्या ध्यानातून साफ गेली.

आधी धूर दाराखालून चोरून येई. आता तो खिडकीतून ऐटीत येऊ लागला. खिडकी लावावी तर इस्त्रीच्या उष्णतेने जीव घुसमटे. तिने दोनदा सेक्रेटरींकडे विषय काढला.

"अहो, नियमात बसतंय सगळं," ते म्हणाले. "तुमच्या खिडकीचं म्हणाल तर ती कागदावर नाही. ती दाखवली की विचारतील, सामानाच्या खोलीला खिडकी कशाला? मग विचारतील, आत राहतं कोण? कशाला नसती उठाठेव! मी सांगतो ओढणाऱ्यांना, जरा तोंड तिकडे करून ओढा."

"धुराला कोण सांगणार, काका?"

ते हसले. तीही हसली.

बहिणीचा फोन आला. "शुक्रवारी शाळेचे अर्ज बंद होतायत. नाव इथेच घालू? पोरगी तर पिशवी भरून बसलीय. मला काय सांगायचं ते नीट सांग बाई, तिला रोज फसवायचं माझ्याने होत नाही."

"दोन दिवस थांब," कडकबाई म्हणाली.

बुधवारी नगरपालिकेच्या तपासनीस बाई आल्या. हातात वही, गळ्यात ओळखपत्र, चपला झिजलेल्या. सेक्रेटरींनी त्यांना जिना दाखवला, पाटी दाखवली, बाक दाखवला. बाकावर प्रोफेसर होते. ते एकदम उभे राहिले आणि सिगरेट पाठीमागे धरून म्हणाले, "मी आपला वाऱ्याला बसलोय." धूर त्यांच्या खांद्यावरून वर चालला होता.

तपासनीस बाईंनी धुरामागे वर पाहिलं. "ही खिडकी कसली?"

"सामानाची खोली आहे," सेक्रेटरी म्हणाले. "एक बाई इस्त्री करतात तिथे."

त्या दारातून आत आल्या. टेबल पाहिलं, पडदा पाहिला. पडद्याला हात लावला नाही. "इथे कुणी राहतं का?" त्यांनी वही उघडून विचारलं. "राहत असेल तर बाक आजच उचलायला लावते. पण मग खोलीची नोंद बांधकाम विभागाकडे जाईल, हेही सांगून ठेवते. नसेल राहत, तर मी निघाले."

सेक्रेटरी त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी कडकबाईकडे पाहून 'नको' अशी मान हलवली, अगदी जराशी. त्यांनी हिच्या पोरीला उचलून गाडीत घातलं होतं. ते हिला दिसत होतं. पोरीचे ओठही दिसत होते.

"राहतात," कडकबाई म्हणाली.

"किती जण?"

नवरा चार दिवसांनी एकदा यायचा. मुलीने दोन वर्षांत या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. खरं तर त्या दिवशी तिथे ती एकटीच राहत होती.

"तीन," ती म्हणाली. "मी, माझे मालक आणि मुलगी. मुलगी अकरा वर्षांची आहे."

तपासनीस बाईंनी तीन लिहिलं आणि सही केली. तासाभरात बाक, डबा आणि प्रोफेसर पलीकडच्या कुंपणापाशी गेले. भर उन्हात.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. हातात कपडे नव्हते, कागद होता. "तीन महिन्यांत खोलीतला संसार हलवायचा. आणि भिंत का फोडली, याचा खुलासा माझ्याकडे मागितलाय." ते स्टुलावर बसले. "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," ती म्हणाली, "आणि मी ऐकलं असतं."

त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, "काम करायला जागा राहील. राहायचं तेवढं दुसरीकडे बघावं लागेल. मीही विचारतो चार जणांना." दारात थांबून म्हणाले, "कधी येतेय ती?"

"शनिवारी."

नवऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तो वाटेतच होता. पलीकडे गाडीचं इंजिन घरघरत होतं. "तीन महिने तर तीन महिने," तो म्हणाला. "या खेपेला मी सुट्टी टाकून येतो. आणि तू नाही म्हणायला शिकलीस की काय?"

"नाही कुठे म्हटलं? राहतात, एवढंच म्हटलं."

शनिवारी दुपारी मावशीने मुलीला आणून पोचवलं आणि परतीच्या बसला ती निघून गेली. मुलगी आईच्या खांद्याला लागत होती. तिने खोलीत सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशी होती ही?" मग पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी हवं का विचारलं तर "चालेल" म्हणाली. मावशीकडचा शब्द होता तो. कडकबाईला तो टोचला, पण तिने पाणी दिलं.

थोड्या वेळाने मुलगी बाहेर पायरीवर जाऊन बसली. सेक्रेटरी कुंपणाकडून घाम पुसत येत होते.

"काका, तुम्ही तिकडे उन्हात का बसता?"

"तुझ्या आईने बसवलंय."

"मग सोडून द्या ना."

"बघा, आल्या आल्या आईची बाजू! मावशीकडे काय शिकलीस ते सांग आधी."

मुलगी सांगू लागली. शाळेचं, मैत्रिणीचं, मावशीच्या घरामागच्या विहिरीचं. यातली एकही गोष्ट तिने फोनवर आईला सांगितली नव्हती. कडकबाई दारामागे उभी होती. इस्त्री तिने बंद केली होती, आणि टेबलावर सात घरांचे कपडे पडून होते. बाहेर जाऊन पायरीवर बसावं असं तिला फार वाटत होतं. पण आपल्याला पाहून पोरीने बोलणं थांबवलं तर? म्हणून ती तिथेच राहिली, एक हात चौकटीवर ठेवून, पोरीचा आवाज येत होता तोवर.