खालच्या मागांचा सूर

“मॅडम, अण्णांना बदला. शनिवारच्या कार्यक्रमात इज्जत जाईल की!” इरफान म्हणाला, आणि तेवढ्यात नरसय्या अण्णा चहाचे कप घेऊन दारात आले.

अण्णांनी कप खाली ठेवले. “माझ्यामुळं सूर उतरतोय तर मी थांबतो. पण बायकोनं अख्खी गल्ली बोलावली हाय. तिला काय सांगू?”

मी समूहगायन बसवते. शिवाय आमचा चौघांचा बार्बरशॉप गट आहे. परदेशात न्हाव्याच्या दुकानात नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकं मिळून गायची, त्यावरून हे नाव पडलं. वाद्य नाही, फक्त चार आवाज. मुख्य चाल गाणारा लीड, म्हणजे इरफान. त्याच्या वर टेनर, ती मी. सर्वांत खाली बास, ते अण्णा. उरलेल्या फटी बुजवणारा बॅरिटोन मल्लिनाथ.

आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ट्रायल झाली होती. गाणं संपल्यावर मी पिचपाइप वाजवला. ही सूर देणारी छोटी शिट्टी. आम्ही बरेच खाली घसरलो होतो. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

मी म्हटलं, आधी तपासू, मग बदलू. आमची तालमीची खोली यंत्रमागाच्या कारखान्यावर आहे. तिथे अण्णांसह गायलो. सूर जागेवर. अण्णांना बसवून तिघं गायलो. तरीही जागेवर.

“म्हणजे स्टेजवर घाबरतात,” इरफान म्हणाला.

“पन्नास जणांच्या पंगतीत मी एकटा वाढतो,” अण्णा म्हणाले. “घाबरतो कुटं?”

आणि लाईट गेली. खालचे माग थांबले. खोली एकदम रिकामी वाटली.

“थांबू नका,” मी म्हटलं. “तिघंच, पुन्हा.”

अण्णा खुर्चीवर चहा पीत होते. आम्ही तिघं गायलो आणि शेवटी पिचपाइप वाजवला. कालच्याइतकेच खाली! इरफानने शिट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाजवून पाहिली.

माग चालू असताना मोटारींची घरघर एकाच स्वरात चालते. सुरुवातीला ‘या खोलीत हा सा गोड लागतो’ म्हणून मीच तो निवडला होता. वर्षभर आम्ही चौघं त्या घरघरीला टेकून गात होतो. हॉलमध्ये टेकू नव्हता.

“तंबोऱ्याचं अ‍ॅप लावू,” मल्लिनाथ म्हणाला.

“निमंत्रणावर ‘वाद्यांशिवाय’ छापलंय,” मी म्हटलं आणि अण्णांकडे वळले. “अण्णा, यंत्रमाग तुम्ही व्हा. कडव्यांच्या मध्ये आणि जिथे सांगेन तिथे फक्त ‘ऊं’ धरायचा. हलायचं नाही.”

“हे बार्बरशॉप राहिलं का?” इरफानने विचारलं.

“सोलापूरचं राहिलं.”

मग तो अण्णांचा अर्धा राहून गार झालेला कप उचलून म्हणाला, “अण्णा, दुसरा आणतो.”

शनिवारी अण्णांनी ‘ऊं’ असा धरला की माझ्या पायाखालची फळी थरथरली. गाणं संपल्यावर राहवलं नाही, स्टेजवरच पिचपाइप वाजवला. सूर जिथे सुरू केला, तिथेच होता. लोकांना ती शिट्टी गाण्याचाच भाग वाटली, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर अण्णांच्या बायको म्हणाल्या, “घरी कधी एका शब्दावर इतका वेळ टिकले न्हाईत हे!”

तेव्हापासून माझा नियम आहे. माणूस बदलण्याआधी खोली बदलून बघावी.