काकाची कुकरी धारवाल्याकडे आहे

काकाचा आर्मीतला चाकू तुळिंजच्या धारवाल्याकडून घासून आणणाऱ्याला अक्कल नाही, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे.

दिलीप, तू फोन उचलत नाहीस म्हणून इथे लिहितेय. वाचू दे सगळ्यांना.

आज काकाला जाऊन वर्ष झालं. सकाळी फोटोसमोर पान वाढलं. तू आलास आणि चाकू पाटावर ठेवलास.
आरशासारखा.

"ताई, बघ कसा नवा केला. घरात गंज ठेवतात का?"

मुठीजवळ काकाचा आर्मीचा नंबर ठोकलेला होता. मी बोट फिरवलं. बोटाला काही लागलंच नाही.
ठीक आहे. काकाचा नंबर मला पाठ आहे.

"कुकरी कुठाय?"
"तीपण त्याच्याकडेच दिलीय. मोठी आहे, टाइम लागतो."

मी ओरडले, तू चप्पल घालून निघून गेलास.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. काका आर्मीत ड्रायव्हर होता. कुकरी त्याची नव्हती. त्याच्या गाडीवर एक गुरखा पोरगा असायचा, सगळे त्याला बहादूर म्हणायचे. खरं नाव काकालाही माहीत नव्हतं.
गाडी दरीत गेली. काका वाचला, तो नाही.
काका कितीतरी महिने हॉस्पिटलात होता. बाहेर आला तोवर त्या पोराची पलटण दुसरीकडे गेलेली. कुकरी काकाच्या सामानात राहिली.

नव्वदच्या सुमाराला काका रिटायर होऊन वसईला आला. आमच्याकडे खाडीचा वारा, लोखंड टिकत नाही. पाऊस यायच्या आधी तो दरवर्षी माळ्यावरचा कुकरीचा डबा काढायचा आणि मला हाक मारायचा.

"म्यानात नको ठेवू. चामडं पानी पितं."
"मग कशात?"
"तुझ्या जुन्या साडीत. आनि पात्याला बोटं लावू नको, हवालदारीन. घामानं खातं ते."
"काका, पॉलिश पेपरनं घासते ना. एका दिवसात साफ."
हातावर फटका बसला.
"गंजाखाली त्याचा नंबर हाय. तेल लाव, गप बस, पूस. परत लाव."

मला कशाचाच धीर नाही, गावाला माहीत आहे. पण हे काम मी धीरानं केलं. शिलाई मशीनचं तेल आणि मऊ फडकं, बस. वर्षं गेली. एकेक आकडा वर यायला लागला.

काका गेला तेव्हा शेवटचे दोन राहिले होते.

वसईतल्या एका रिटायर सुभेदारांना विचारलं. म्हणाले, "पूर्ण नंबर आणा बाई. मग घरचे कोण ते विचारता येईल. अर्ध्या नंबरावर काही होत नाही."

शेवटी काकाला बोलताना धाप लागायची. तरी तेवढंच म्हणायचा, "त्याच्या घरी पोचव गं."

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून दिलीप, तू दोन्ही घेऊन गेलास. पूजेला हत्यार चकचकीत लागतं हे कोणी सांगितलं तुला? कोयता घास. कोयता रोज कामाला जातो, त्याच्यावर कोणाचा नंबर नसतो.

दुपारी मी तुळिंजला जाऊन आले. दिसला त्या प्रत्येक धारवाल्याला विचारलं. एक म्हणाला, "मावशी, कुकरी का काम हम नहीं करते." दुसरा हसला.

काका, तू नाहीस तेच बरं. हा चाकू बघायला लागला नाही तुला.
नमस्कार करते. नीट जा.

दिलीप, उद्या शुक्रवार. दुपारपर्यंत सांग, कुठला धारवाला आणि कुकरी चाकाला लागली का.
लागली असेल तरी सांग. शिव्या देणार नाही.
त्या पोराच्या घरच्यांना शोधायचं की सोडून द्यायचं, तेवढं कळू दे मला.