सुर्ल्याचं माहेर

दीक्षाचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. हळर्णला रस्त्याच्या कडेलाच आमचं किराणा दुकान आहे. सकाळच्या वेळी पावासाठी गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. पाववाला पोदेर नुकताच उंड्यांची टोपली रिकामी करून गेला होता, आणि फोन कानाला लावून मी एकीकडे उंडे कागदात बांधत होते. "मावशे, बाबा उठत नाहीत गो..." एवढंच ती म्हणाली. पुढचं मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. शिगम्याच्या सुटीला दोघं सुर्ल्याला गेली होती, आदल्या दिवशी सगळे एकत्र जेवले, हसले, बोलले, आणि सकाळी चहासाठी हाक मारली तर भावोजींनी ओ दिली नाही. झोपेतच गेले. समोरच्या बाईने "मालतीबाय, कितें जालें?" म्हणून विचारलं. "माझे भावोजी गेले" म्हणायचं, की "सुर्ल्याचं माहेर गेलं" म्हणायचं, हेच मला कळेना. ते माहेर माझं नव्हतं, माझ्या भाच्यांचं होतं. तरीही माझ्या मनात आलं ते हेच.

रघुवीर भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. त्यांच्या लग्नात मी शाळकरी होते. आमच्या दारात माटव घातलेला, आणि सुर्ल्याचं वऱ्हाड आलं ते चक्क खनिजाच्या ट्रकातून! भावोजींचा स्वतःचा ट्रक होता. खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिज वाहायचं, हाच त्यांचा धंदा. लग्नासाठी ट्रक धुऊन, आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूच्या माळा लावून सजवला होता, पण ती तांबडी धूळ कुठे इतक्या सहजी जाते? वऱ्हाडातल्या बायका उतरल्या तर सगळ्यांच्या साड्यांचे काठ तांबडे. आमची आई तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. नवरदेव मात्र उंचापुरा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि पंगतीत बसला तेव्हा असा मन लावून जेवला की वाढणाऱ्यांनाच उत्साह आला. "ह्याला रांधून घालणारीचं भाग्य," असं आमची काकी म्हणाली होती. ताईने ते भाग्य पुढे पुष्कळ वर्षं मनापासून निभावलं.

भावोजींना खाण्याची आवड दांडगी, पण स्वयंपाकघरात त्यांचं पाऊल पडायचं ते जेवायला बसण्यापुरतं. चतुर्थीला गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी तेवढी त्यांची. रानात फिरून ते कांगलां, आंबाडे, तोरिंगां आणायचे, सुपाऱ्यांचे घोस बांधायचे, आणि माटोळी अशी भरगच्च सजवायचे की आरतीला उभ्या राहिलेल्या माणसांची नजर गणपतीआधी वर जायची. आतलं सगळं ताईचं. पातोळ्या, नेवऱ्या, खतखतें, मुगागाठी... मुली दोन, रेश्मा आणि दीक्षा. रेश्मा लग्न होऊन सर्वणला गेली, तरी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन माहेरी यायचीच. मीही जमेल त्या वर्षी जायची.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या चाकांभोवती गवत वाढलं. भावोजी शाळेची बस चालवायला लागले आणि त्यातही रमले. पण त्यानंतर थोड्याच वर्षांत ताईला दुखणं लागलं आणि ती गेली. घरात बाप आणि दीक्षा. त्या वर्षी सणवार झाले नाहीत. ताईचं वर्षश्राद्ध झालं, पानं उचलली, आणि मागच्या दारी भांडी आवरताना रेश्मा मला म्हणाली, "मावशे, आई गेली आणि माहेर सरलं. आता हांव कोणाकडे येतलें?" मी वळून पाहिलं तर दारात भावोजी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते पाण्याचा तांब्या भरून परत गेले.

पुढच्याच रविवारी ते मोटारसायकलवरून आमच्या दारात हजर. हातात हळदीच्या पानांची जुडी.

"मालती, चवथ लागीं पावली. म्हाका पातोळ्यो शिकय."

माझे यजमान मोठ्याने हसले. "रघूबाब, ट्रकाचो गियर न्हय तो!"

"ट्रकय शिकूनच चलयलो रे," भावोजी म्हणाले आणि चपला काढून थेट आत आले.

त्यांची ती पहिली पातोळी मी कधी विसरणार नाही. पीठ इतकं पातळ झालं की पानावरून ओघळून त्यांच्या पायावर सांडलं. दुसऱ्या वेळी इतकं घट्ट की पान सोलताना पातोळीचे तुकडे हातात. ते प्रत्येक तुकडा खाऊन बघायचे आणि मान हलवायचे. रविवारमागून रविवार ते येत राहिले. सुर्ला ते हळर्ण काही जवळ नाही, त्यात श्रावणातला पाऊस, पण एकही रविवार चुकवला नाही. खतखत्याला तेफळं कधी घालायची, ती चावून खायची नसतात मग घालायची तरी कशाला, सोलां आधी की गूळ आधी... त्यांचे प्रश्न संपायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "भावोजी, यंदा तुमच्या दादाच्या घरीच गणपती एकत्र करा ना, सगळे तसं म्हणतायत." त्यांनी ढवळायची कुलेर खाली ठेवली. "दादाच्या घरा पोरी पावण्यो जावन येतल्यो. म्हज्या घरा पोरी जावन येवंक जाय."

दादाच्या घरी मुली पाहुण्या म्हणून येतील, आपल्या घरी त्या मुली म्हणून यायला हव्यात.

त्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुर्ल्याला गेले. रेश्माला काहीच माहीत नव्हतं, तिला वाटलेलं मीच येऊन रांधलं असणार. पाटावर बसली, पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भावोजींकडे बोट दाखवलं. ते दाराशी ताठ उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

"मीठ उणें जालें?" त्यांनी विचारलं.

रेश्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ना बाबा... पण आईसारखें ना हें."

"आईसारखें खंयचें जातलें? हें बाबाचें." असं म्हणून त्यांनी तिच्या पानात आणखी वाढलं. ती रडत होती आणि खात होती. दीक्षाला हसू आवरेना, मग आम्हा सगळ्यांनाच. ताई गेल्यानंतर त्या घरात असं मोकळं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर भावोजींना कोणी अडवू शकलं नाही. दिवाळीला कारीट फोडून झालं की पोह्यांचे पाच प्रकार: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे आणि फोडणीचे, शिवाय काळ्या वाटाण्याची उसळ. ट्रकाच्या दिवसांतला त्यांचा जोडीदार सखाराम खाणी थांबल्यावर दोडामार्गाकडे आपल्या गावी परतला होता. त्याला ते दर दिवाळीला कुटुंबासकट बोलवायचे. सखाराम पानावर बसला की म्हणायचा, "रघू, तुझ्या हातचा ह्यां खावच्यासाठी मी सकाळी चाय पण घेवक नाय." आणि दोघे मित्र मग अंगणात बसून जुन्या वाटांच्या, जुन्या पावसाच्या गप्पा मारत राहायचे. माणसं जेवायला आली म्हणजे भावोजींच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी ताईच्या चेहऱ्यावरही पाहिलं होतं. ते तिच्याकडून शिकले, की एकटं पडल्यावर त्यांचं त्यांनाच सापडलं, मला ठाऊक नाही.

दीक्षाचं लग्न डिचोलीच्या मुलाशी ठरलं. हॉल घ्यावा, केटरर सांगावा, असं सगळ्यांचं म्हणणं. लग्नाच्या दिवसाला भावोजींनी मान्य केलं, पण चुड्याचं जेवण घरी आणि स्वतःच्या हातचं, यावर ते अडून बसले. नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात तो दिवस खरं तर बायकांचा, आणि त्या दिवशी धावपळ करायची ती नवरीच्या आईने. काकणकार ओटीवर बसला होता, बायका दीक्षाभोवती गोळा झाल्या होत्या, आणि आत भावोजी कमरेला टॉवेल गुंडाळून चुलीपाशी. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादाच म्हणतात, ते करड्या शिस्तीचे. नवरीचा बाप चुलीपाशी बघून ते आत येऊन ओरडलेच.

"व्हंकलेचो बापूय रांदचे कुडींत? लोक कितें म्हणटले?"

बाहेरच्या बांगड्यांचा आवाजही थांबला. भावोजींनी वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"दादा, तिची आई आसती तर आज ती खंय आसती?"

दादांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, कोपऱ्यातला आडाळो ओढला, त्यावर बसले आणि नारळ खवायला लागले. त्यांना ते मुळीच जमत नव्हतं, अर्धं खोबरं जमिनीवर. पण उठले नाहीत. बाहेर दीक्षा हातभर चुडा घालून बसली होती, तिने सगळं ऐकलं होतं. दारात येऊन तिने दोघांनाही वाकून नमस्कार केला. त्या दिवशी जेवायला बसलेल्यांत जेवण कसं झालं याची चर्चा कोणीच केली नाही. सगळे नुसते जेवत होते, आणि दुसऱ्यांदा भात मागत होते.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला दीक्षाने गोड बातमी दिली. तेव्हापासून भावोजींचा फोन दर दोन-चार दिवसांनी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आपल्याकडे, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. "मालती, बाळंतिणीक अळीव कसो दिवचो? मेथीचे लाडू कडू लागत जाल्यार ती खातली?" मी म्हणायची, "भावोजी, अजून किती महिने आहेत!" ते म्हणायचे, "म्हाका शिकपाक वेळ लागता." ... आणि मग तो सकाळचा फोन.

तेराव्याला पुन्हा माहेराचा प्रश्न उभा राहिला. घर बंद करायचं का? दीक्षाच्या सासूबाई समजूतदार, त्या म्हणाल्या, "आमच्याकडेच होऊ दे बाळंतपण, मीच करीन सगळं." दीक्षा खाली मान घालून बसली होती. तेव्हा रेश्मा त्या सासूबाईंकडे वळून बोलली. जी एकदा माहेर सरलं म्हणाली होती, तीच. "मामी, तुमचे उपकार. पण दीक्षा सुर्ल्याला येतली. हांव आसां." दादांनी मान डोलावली. किल्ली त्यांच्याकडेच होती, ती त्यांनी रेश्माच्या हातात ठेवली.

गेल्या आठवड्यात मी सुर्ल्याला जाऊन आले. घराची जनेलं, म्हणजे खिडक्या, सताड उघड्या होत्या आणि आतून भाजलेल्या मेथीचा वास येत होता. दोघी बहिणी स्वयंपाकघरात. ताईच्या पश्चात भावोजींनी तिथे स्वतःच्या हाताने एक फळी ठोकली होती, आपल्या उंचीच्या मापाने. मसाल्याचे, गुळाचे सगळे डबे तिथे, आणि दोघींपैकी एकीचाही हात तिथवर पोचत नाही. मी म्हटलं, "अगो, दोडामार्गाहून सखाराम येणार आहे ना तुम्हाला भेटायला, त्याला सांगून फळी खाली घ्या." रेश्माने स्टूल ओढलं, त्यावर चढली, टाचा उंच केल्या आणि गुळाचा डबा काढून खाली दीक्षाच्या हातात दिला.

"राहू दे मावशे तिथेच," ती वरूनच म्हणाली. "बाबा तेवढे उंच होते, हें बाळाक कळूंक जाय मगो."