पंखवालं पोर

मेनरोडजवळच्या एका बोळात फ्रेमवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. कानामागे पेन्सिल, आणि काच बसवताना चित्राशीच बोलायची सवय: "सरक जरा, बसतंय, बसतंय."

नव्वदच्या दशकात मी त्याच्याकडे कॅलेंडरवरचं एक जुनं युरोपी चित्र नेलं. पंखवालं उघडं पोर हसत उभं आणि त्याच्या पुढ्यात मुकुट, मोहरा, मोत्यांचा ढीग. लेकीने अर्थ सांगितला होता, "आई, ते पोर म्हणजे प्रेम. त्याच्यापुढे संपत्तीला किंमत नाही." मला फक्त मोहरा दिसल्या! दिंडोरीचे द्राक्षबागायतदार तिला बघायला येणार होते, आणि तिचा जीव एका मास्तरात अडकला होता. मी फर्मावलं, "वरचं पोर कापा, खालचे दागिने ठेवा."

"कापायचंच, काकू?" त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

बागायतदारांना फ्रेम फार आवडली. लेक मात्र मास्तराचीच झाली, आणि मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. केवढी मी शहाणी!

दहा वर्षांनी जळमटं काढताना माझ्याच हातून काच फुटली. फ्रेमवाल्याने मागचा पुठ्ठा काढला, तर पोर तिथेच, अलगद मागे दुमडलेलं.

"कापलं नव्हतंत?"

"चित्र मी कापत नाही, काकू. माणसं परत येतात."

"मग आता अख्खं बसवा. लेकीच्या घरी लावायचंय."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि मोहरांना म्हणाला, "सरका जरा, पोर येतंय."